पोस्टग्रेसचं मॅन्युअल सोर्समधून स्वतः बिल्ड करायचंय? मग हे वाचून घ्या

मध्यंतरी एका क्लायंटकडे (नाव नको) बसलो होतो. सर्व्हर रूममध्ये इंटरनेट नाही, मोबाइल बाहेर जमा करायचा, आणि डेटाबेस पोस्टग्रेस १३. आमच्यातल्या एकाने आदल्या रात्री घरी डॉक्युमेंटेशन वाचून मस्तपैकी मर्ज या एसक्यूएल कमांडची (रो असेल तर बदल, नसेल तर नवी टाक) क्वेरी लिहून आणलेली, चालवली तर सिंटॅक्स एरर, मग अर्धा तास सगळे मिळून कॉमा नि कंस मोजत बसलो. कंस बरोबरच होते हो. मर्ज पोस्टग्रेसमध्ये आली १५ पासून, १३ ला तिचा गंधही नाही, आणि पठ्ठ्याने वाचलं होतं सगळ्यात नव्या व्हर्जनचं पान. त्या दिवसापासून ज्या व्हर्जनवर काम त्याच व्हर्जनचं मॅन्युअल लॅपटॉपवर ठेवायची सवय लागली, आणि त्यातून पुढे सोर्समधून बिल्ड करायचा नाद लागला.

पण आधीच सांगतो, नुसतं वाचायचं असेल तर एवढा खटाटोप करू नका. पोस्टग्रेसच्या साइटवर प्रत्येक व्हर्जनचं पीडीएफ तयार मिळतं. डेबियन किंवा उबंटू असेल तर पोस्टग्रेसक्यूएल-डॉक-१७ अशा नावाचं पॅकेज असतं (आकडा तुमच्या व्हर्जनचा), ते टाकलं की अख्खं एचटीएमएल मॅन्युअल मशीनवर, काम झालं, चहा प्या. स्वतः बिल्ड करायची गरज पडते ती डॉक्युमेंटेशनमधली चूक दुरुस्त करून पॅच (म्हणजे केलेला बदल) पोस्टग्रेसवाल्यांना द्यायचा असेल तेव्हा, किंवा अजून रिलीज न झालेल्या व्हर्जनचं बघायचं असेल, किंवा कंपनीने पोस्टग्रेसमध्ये स्वतःचे बदल केलेत आणि ते मॅन्युअलमध्येही हवेत. किंवा मग माझ्यासारखी नुसती खाज.

एक गोष्ट, कमांड मी इथे तोंडाने सांगतो तशाच लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाकायच्या.

सोर्स कुठे असतं? वेगळं कुठेच नाही. पोस्टग्रेसचा सी कोड ज्या गिट रेपोमध्ये (बदलांच्या इतिहासासकट कोड ठेवायचं कोठार) आहे त्याच रेपोत डॉक/एसआरसी/एसजीएमएल या फोल्डरमध्ये सगळं मॅन्युअल पडलेलं असतं. मला हे फार आवडतं कारण एखाद्याने नवीन फीचर टाकलं तर कोड आणि त्याचं डॉक्युमेंटेशन एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या एकाच नोंदीत येतं, नाहीतर आपल्याकडच्या प्रोजेक्टमध्ये कोड एकीकडे आणि दोन वर्षांपूर्वीची वर्ड फाइल कुणाच्या तरी मेलमध्ये, हे तुम्हालाही माहितीय आणि मलाही.

फोल्डरचं नाव एसजीएमएल, आतल्या फाइलींचं एक्स्टेंशनही डॉट एसजीएमएल, पण आत उघडून बघाल तर ते एसजीएमएल (टॅग लावून मजकूर लिहायची जुनी पद्धत) नाहीच, चक्क एक्सएमएल आहे, डॉकबुक नावाच्या फॉरमॅटमधलं. पूर्वी खरोखर एसजीएमएल होतं, २०१७ मध्ये सगळं एक्सएमएलमध्ये बदललं आणि फाइलींची नावं मात्र तशीच ठेवली, कारण नावं बदलली असती तर जुन्या ब्रँचवर तोच बदल परत लावताना रोजची कटकट झाली असती. त्यामुळे एडिटरला आधी सांगून ठेवा की या फाइली एक्सएमएल समज, नाहीतर रंग सगळे उलटेसुलटे दिसतात.

आता क्लोन, म्हणजे रेपोची प्रत आपल्या मशीनवर. मूळ रेपो गिट डॉट पोस्टग्रेसक्यूएल डॉट ऑर्ग वर आहे आणि गिटहबवर पोस्टग्रेस/पोस्टग्रेस नावाने त्याचा आरसा आहे, कुठूनही घ्या. अख्खा इतिहास ओढायचा नसेल (१९९६ पासूनचा आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विचारच करू नका) तर असं:

गिट क्लोन --डेप्थ १ --ब्रँच आरईएल_१७_स्टेबल, आणि पुढे रेपोचा पत्ता

ब्रँचचं नाव कॅपिटलमध्ये, अंडरस्कोरसकट. १० पासून पुढे सगळीकडे हाच पॅटर्न, पण त्याच्या आधीच्या व्हर्जनला जरा वेगळं आहे, ९.६ साठी आरईएल९_६_स्टेबल, म्हणजे आरईएल आणि ९ च्या मध्ये अंडरस्कोर नाही. ही एक बारीक गोष्ट माहिती नव्हती म्हणून मी एकदा ब्रँचच सापडत नाही म्हणून नेटला शिव्या घातल्यात. अगदी नेमकं १७.२ च हवं असेल तर ब्रँचच्या जागी टॅग द्या, आरईएल_१७_२, गिट तेही मुकाट घेतं. आणि पुढचं, अजून न आलेलं व्हर्जन बघायचं असेल तर मास्टर.

गिट नको असेल तर रिलीजचा टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) घ्या, त्यातही तेच फोल्डर असतं. १६ पर्यंतच्या टारबॉलमध्ये एचटीएमएल आणि मॅन पेजेस (टर्मिनलमध्ये वाचायची पानं) आधीच बिल्ड करून टाकलेली यायची, १७ पासून ते बंद केलं. म्हणून कुणी जुना ट्युटोरियल वाचून टारबॉल सोडवून आत एचटीएमएल शोधत बसला असेल तर बाबा रे, तुझी चूक नाही.

आता हत्यारं. डेबियन-उबंटूवर ॲप्टने ही पॅकेजेस टाका: डॉकबुक-एक्सएमएल, डॉकबुक-एक्सएसएल, लिबएक्सएमएल२-यूटिल्स, एक्सएसएलटीप्रॉक, आणि पीडीएफ हवं असेल तर फॉप. कोण काय करतं ते एकदा समजून घ्या म्हणजे एरर आल्यावर कुणाची कॉलर धरायची ते कळतं. डॉकबुक-एक्सएमएल म्हणजे नियमपुस्तक, कुठल्या टॅगच्या आत कुठला टॅग चालतो हे त्यात असतं. डॉकबुक-एक्सएसएल म्हणजे साचे, डॉकबुकचं एचटीएमएल कसं करायचं याचे. एक्सएमएललिंट (ते लिबएक्सएमएल२-यूटिल्समध्ये येतं) तपासनीस, आणि एक्सएसएलटीप्रॉक हा खरा कामगार, साचे लावून पानं पाडणारा. फॉप हा जावातला प्राणी, त्याच्याबद्दल खाली वेगळं सांगतो कारण तो वेगळं सांगण्यासारखाच आहे. फेडोरावर पॅकेजची नावं जरा वेगळी, डॉकबुक-डीटीडीज आणि डॉकबुक-स्टाइल-एक्सएसएल. विंडोजवाल्यांनी सरळ डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स) चालू करून उबंटूचीच वाट धरावी, बाकी मार्ग आहेत पण आयुष्य छोटं आहे.

यानंतर कॉन्फिगर, म्हणजे मशीनवर काय काय आहे ते तपासून बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट. इथे पहिला धक्का बसतो. आपल्याला फक्त डॉक्युमेंटेशन हवंय, पण कॉन्फिगर स्क्रिप्ट अख्ख्या डेटाबेसची आहे, ती तुम्हाला सी कंपायलर मागते, रीडलाइन मागते, झेडलिब मागते, आणि १६ पासून आयसीयूसुद्धा मागते. एकेक लायब्ररी टाकत बसू नका, सरळ नाही म्हणून सांगा:

./कॉन्फिगर --विदाउट-रीडलाइन --विदाउट-झेडलिब --विदाउट-आयसीयू

कंपायलर मात्र लागतोच, आणि १७ पासून बायसन, फ्लेक्स, पर्ल पण नसतील तर पुढे जाऊ देत नाही. पर्ल तर असंही लागणारच, कारण मॅन्युअलमधली काही पानं हाताने लिहिलेली नाहीत, कोडमधून काढलेली आहेत. मागे पहिल्याच परिशिष्टात एरर कोडचं जे लांबलचक टेबल असतं ना, ते एररकोड्स डॉट टीएक्सटी नावाच्या फाइलमधून पर्ल स्क्रिप्ट बनवते, आणि त्याच फाइलमधून सी कोडमधले एररही बनतात. म्हणजे मॅन्युअलमधलं टेबल आणि प्रत्यक्ष डेटाबेस यात फरक पडायचा प्रश्नच नाही. राखीव शब्दांचं टेबलही तसंच. त्यामुळे या टेबलात चूक दिसली तर एसजीएमएल फाइल शोधत बसू नका, ती सापडणार नाही, सापडली तरी पुढच्या बिल्डला पुसली जाईल.

कॉन्फिगर चालताना शेवटी शेवटी एक्सएमएललिंट, एक्सएसएलटीप्रॉक, फॉप यांच्या ओळी येतात, तिथे नाव दिसतंय की नाही बघून घ्या. आणि हत्यारं आधी टाका, कॉन्फिगर नंतर. मी उलटं केलं होतं. एक्सएसएलटीप्रॉक नव्हतं, बिल्डला एरर आली की ते मिसिंग आहे, बरं म्हणून टाकलं, परत मेक (बिल्ड चालवणारा प्रोग्राम) केलं, परत तीच एरर, टर्मिनलमध्ये हाताने चालवून बघितलं तर मस्त चालतंय. शेवटी कळलं की कॉन्फिगरने पहिल्यांदा "नाही" अशी नोंद करून ठेवलेली आणि मेक बिचारा त्या नोंदीवर विश्वास ठेवून बसलेला. कॉन्फिगर परत चालवा, सुटतं.

मग मुख्य काम:

मेक -सी डॉक/एसआरसी/एसजीएमएल एचटीएमएल

हे -सी कॅपिटल बरं का, म्हणजे त्या फोल्डरमध्ये जाऊन मेक कर. सगळं नीट असेल तर थोडा वेळ काहीच न बोलता बसतं आणि मग त्याच फोल्डरमध्ये एचटीएमएल नावाचं फोल्डर तयार, आत इंडेक्स डॉट एचटीएमएल. उघडा. दिसायला साधंच दिसेल, पोस्टग्रेसच्या साइटसारखं नाही. साइटसारखं हवं असेल तर कमांडमध्ये स्टाइल=वेबसाइट असं जोडा, स्टाइल कॅपिटलमध्ये. फक्त ती सीएसएस नेटवरून येते, त्यामुळे ऑफलाइन वापरायचं असेल तर साधंच बरं.

आता सगळं नीट नसेल तर. दहातल्या आठ जणांना जी एरर येते ती अशी असते, "अटेम्प्ट टू लोड नेटवर्क एंटिटी" आणि पुढे ओएसिसच्या (डॉकबुकचं मानक सांभाळणारी संस्था) साइटवरचा डॉकबुक ४.५ चा पत्ता, त्याच्याखाली अजून वीसेक ओळींचा आक्रोश. लोक ती वाचून नेट तपासतात, प्रॉक्सी तपासतात, ऑफिसच्या फायरवॉलवाल्याला फोन करतात. नेटचा काही संबंध नाही. झालंय असं की मॅन्युअलच्या मुख्य फाइलच्या डोक्यावर नियमपुस्तकाचा पत्ता वेबचा पत्ता म्हणून लिहिलेला असतो, पण खरं पुस्तक तुमच्याच मशीनवर असतं, आणि हा वेबचा पत्ता म्हणजे मशीनवरची ही फाइल अशी जुळवणी जिथे लिहिलेली असते त्याला कॅटलॉग म्हणतात. एखाद्याचं पोस्टातलं गाव वेगळं आणि राहतं घर वेगळं, आणि पोस्टमनलाच फक्त माहिती, तसं. कॅटलॉग सापडला नाही की हत्यार बिचारं वेबवर जायला बघतं. नवीन व्हर्जनमध्ये नेटवर जायला मनाईच केलीय म्हणून लगेच एरर येते, जुन्यात ते खरंच नेटवर जाऊन ओढत बसायचं, आणि बिल्ड इतकं रेंगाळायचं की वाटावं अडकलंय.

डेबियनवर कॅटलॉग /ईटीसी/एक्सएमएल/कॅटलॉग इथे असतो आणि पॅकेज टाकलं की आपोआप त्यात नोंद होते, सहसा त्रास नाही. त्रास मॅकवर. होमब्रूने (मॅकवर पॅकेज टाकायचं साधन) डॉकबुक आणि डॉकबुक-एक्सएसएल टाकता येतं पण मॅकसोबत आलेल्या एक्सएसएलटीप्रॉकला होमब्रूचा कॅटलॉग कुठे ठेवलाय ते माहितीच नसतं. मग एक्सएमएल_कॅटलॉग_फाइल्स नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एक्सपोर्ट करायचं, त्यात होमब्रूच्या ईटीसी/एक्सएमएल/कॅटलॉगचा पूर्ण पत्ता. नव्या एम चिपवाल्या मॅकवर तो /ओपीटी/होमब्रूच्या खाली असतो, जुन्या इंटेलवर /यूएसआर/लोकलच्या खाली. हे दोन उलटसुलट झाले तरी एरर तीच येते, म्हणून एलएस करून फाइल खरंच तिथे आहे ना ते बघा. टर्मिनलचं टॅब बंद केलं की व्हेरिएबल गेलं, म्हणून झेडएसएचच्या आरसी फाइलमध्ये (टर्मिनल उघडलं की आपोआप वाचली जाते ती) टाकून मोकळे व्हा.

एवढं झालं की अर्धी लढाई जिंकली. आता बदल करून बघू.

समजा क्रिएट इंडेक्सच्या पानावर एक वाक्य वाढवायचंय. एसक्यूएल कमांडची पानं रेफ नावाच्या उपफोल्डरमध्ये असतात, क्रिएट_इंडेक्स डॉट एसजीएमएल. सेटिंग्ज सगळी कॉन्फिग डॉट एसजीएमएलमध्ये. कुठली फाइल ते कळत नसेल तर मॅन्युअलमधलं एखादं वेगळं वाक्य गिट ग्रेपने शोधा, फक्त अख्खं वाक्य नका देऊ, कारण सोर्समध्ये ओळी मधेच तुटलेल्या असतात, तीन-चार शब्दच द्या.

वाक्य लिहिलं, मध्ये दुसऱ्या पानाची लिंक दिली. ही लिंक एक्सरेफ टॅगने देतात, त्यात लिंकएंड म्हणून त्या भागाची आयडी. हा टॅग रिकामा असतो म्हणून शेवटी / टाकून जागच्या जागी बंद करायचा. ती तिरकी रेघ विसरलात की असं येतं: ओपनिंग अँड एंडिंग टॅग मिसमॅच, एक्सरेफ लाइन २१४ अँड पॅरा. आणि त्याच्याखाली पॅरा जुळत नाही, लिस्टआयटम जुळत नाही, सेक्शन जुळत नाही, पार अख्खं पुस्तकच जुळत नाही इथपर्यंत. घाबरू नका. फक्त सगळ्यात वरची ओळ वाचायची, ती नीट करायची, परत चालवायचं. एका तिरक्या रेघेपायी चाळीस एरर, टाकली की चाळीसच्या चाळीस गायब. मी नवीन असताना शेवटची एरर आधी बघायचो, कारण टर्मिनलमध्ये ती डोळ्यासमोर असते ना, आणि पुस्तकाच्या शेवटच्या ओळीत काय चुकलंय ते शोधत बसायचो.

बाकीच्या नेहमीच्या चुका पटकन सांगतो. & हे चिन्ह तसंच्या तसं लिहिता येत नाही, आणि < सुद्धा नाही, दोघांनाही एक्सएमएलची सांकेतिक रूपं आहेत, आणि एसक्यूएलचं मोठं उदाहरण असेल तर सगळं सीडेटाच्या कंसात (आतल्या चिन्हांना टॅग समजू नको, असं सांगणारा कंस) गुंडाळून टाका. लिंकएंडमध्ये आयडी चुकली तर अननोन आयडी म्हणून ओरडतं, आयडी हाताने टाइप न करता कॉपी करा. टॅबची की दाबू नका, स्पेसच वापरा, तपासणीत टॅब सापडला तर तेवढ्यासाठी नापास करतात. आणि नवीन फाइल बनवलीत तर ती आपोआप पुस्तकात येत नाही, फाइललिस्ट डॉट एसजीएमएलमध्ये तिची नोंद करायची आणि जिथे हवी तिथे तिला बोलवायचं. कमांडचं पान असेल तर रेफमधल्या ऑलफाइल्समध्ये नोंद आणि रेफरन्स डॉट एसजीएमएलमध्ये जागा. यातलं दुसरं विसरलात तर एररही येत नाही, नुसतं पान दिसत नाही, आणि तुम्ही ब्राउझर रिफ्रेश करत बसता.

प्रत्येक वेळी अख्खं एचटीएमएल करायची गरज नाही. त्याच फोल्डरमध्ये मेक चेक चालवा, ते फक्त तपासतं, पानं पाडत नाही, पटकन होतं. मी लिहिताना दर दोन पॅराला मेक चेक करतो, स्वयंपाकात मीठ बघावं तसं, आणि शेवटी एकदाच एचटीएमएल.

आता पीडीएफ. मेक -सी तेच फोल्डर, आणि टार्गेट पोस्टग्रेस-ए४ डॉट पीडीएफ. अमेरिकन कागदासाठी यूएसवालं वेगळं आहे, आपल्याला ए४. इथे फॉप कामाला लागतो आणि लॅपटॉपचा पंखा विमानासारखा. पुस्तक हजारो पानांचं आहे त्यामुळे जावाची मेमरी अपुरी पडून आउट ऑफ मेमरी येणं अगदी कॉमन. उपाय सोपा, होम फोल्डरमध्ये .फॉपआरसी नावाची फाइल करून त्यात डेबियन-उबंटूच्या फॉपसाठी जावा_आर्ग्ज='-एक्सएमएक्स१५००एम' (फॉप त्यांच्या साइटवरून थेट घेतला असेल तर जावा_आर्ग्जच्या जागी फॉप_ऑप्ट्स) अशी ओळ टाका, म्हणजे दीड जीबीपर्यंत घे बाबा. रॅम मोकळी असेल तर जास्त द्या. मजकूर ओळीबाहेर जातोय अशा वॉर्निंगांचा पाऊस पडतो, तो पडू द्या, वॉर्निंगने कुणी मरत नाही.

पीडीएफमध्ये एक गंमत केली होती ती सांगतो. कोलेशनच्या (अक्षरांचा क्रम कसा लावायचा त्याचे नियम) भागात उदाहरण म्हणून मी आपली मराठी नावं टाकून बघितली, अनंत, आशा, ज्ञानदा वगैरे, सॉर्टिंग दाखवायला. एचटीएमएलमध्ये झकास. पीडीएफमध्ये सगळीकडे ####. फॉपला जो फॉन्ट दिलाय त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत म्हणून तो प्रत्येक अक्षराच्या जागी # छापतो. देवनागरी जोडाक्षरं फॉपला जमतात, पण त्यासाठी फॉन्ट वेगळा नेमून द्यावा लागतो आणि ते या बिल्डमध्ये केलेलं नाही. म्हणूनच पोस्टग्रेसवाले मूळ मॅन्युअलमध्ये लॅटिन-१ च्या बाहेरची अक्षरं टाळतात. तुम्ही ऑफिसपुरतं मराठी टिपा घालून मॅन्युअल बनवणार असाल तर एचटीएमएलवरच थांबा. भाषांतरच करायचं मनात असेल तर जपानी लोकांचं काम बघा, त्यांनी याच फाइली घेऊन इंग्रजी मूळ मजकूर कॉमेंटमध्ये तसाच ठेवलाय आणि खाली जपानी, त्यामुळे नवीन व्हर्जन आलं की कुठलं वाक्य बदललं ते लगेच दिसतं. डोकं आहे.

१६ पासून मेसॉननेही (कॉन्फिगर-मेकच्या जागी चालणारं दुसरं साधन, निंजा त्याचा जोडीदार) बिल्ड करता येतं. मेसॉन सेटअप बिल्ड, मग निंजा -सी बिल्ड एचटीएमएल. याचा फायदा म्हणजे सगळा पसारा वेगळ्या बिल्ड फोल्डरमध्ये होतो, सोर्स स्वच्छ राहतो. मी अजून सवयीने मेकच वापरतो, पण नव्याने सुरू करणाऱ्याने मेसॉन घ्यायला हरकत नाही, कॅटलॉगची भानगड दोन्हीकडे तीच.

शेवटी घेऊन जायचं कसं. एचटीएमएल फोल्डर झिप करून पेन ड्राइव्हवर, बस, सर्व्हर वगैरे काही लागत नाही, फाइलवर डबल क्लिक केलं की उघडतं. फोल्डरच्या नावात व्हर्जन टाका हं, पीजी१३-डॉक असं, नाहीतर सहा महिन्यांनी चार फोल्डर आणि मर्जचा किस्सा परत. सर्चची पेटी यात नसते. त्यासाठी बुकइंडेक्स डॉट एचटीएमएल उघडायचं, पुस्तकाच्या मागे असते तशी अकारविल्हे सूची आहे ती, आणि त्यात कंट्रोल एफ मारायचं. किंवा एचटीएमएलच्या जागी पोस्टग्रेस डॉट एचटीएमएल हे टार्गेट दिलं तर अख्खं मॅन्युअल एकाच पानात मिळतं, त्यात काहीही शोधा. फक्त उघडताना ब्राउझर जरा वेळ घुमतो, तेवढ्यात बाकीचे टॅब बंद करून घ्या.